गाडी भरलेली असते की रिकामी?

आमच्याकडे कसबी कारागिराला उस्ता म्हणतात; उस्ता बिशाय गाड्यांच्या विजेचं काम करायचे. सैन्यातून सुटून आल्यावर मी त्यांच्या हाताखाली सात वर्षं काम शिकलो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सांगताना माझी जीभ अडखळणार आहे. आमच्या मीत घम्र गावच्या स्टँडवर एखाद्या नव्या ड्रायव्हरने त्यांची चौकशी केली की लोक माझ्याकडे बोट दाखवतात. 'रिफअतला विचार, त्यांना त्याच्याइतकं कोण ओळखतं?' म्हणणं खरं आहे. म्हणूनच ऐकताना मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

बिशायकाका बुटके होते. चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेने बांधलेली, आणि हिवाळा असो की उन्हाळा, अंगात तोच राखाडी स्वेटर. दुकान एवढं अरुंद की गिऱ्हाईक आत आलं की काका बाहेर यायचे. मोजायचं यंत्र त्यांच्याकडे नव्हतंच. गळ्यात एक छोटा बल्ब लोंबत असायचा, त्याला दोन तारा. एक तार पत्र्याला लावायची, दुसरी संशय असेल तिथे. वीज आहे की नाही एवढं त्यांना त्या बल्बवरून कळायचं आणि बाकीचं ते माणसाला विचारायचे.

ते विचारणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या सहनशक्तीचा अंत. कायम बिघडलेली गाडी कोणीही दुरुस्त करेल. मधूनच बिघडणारी आणि तुमच्या दारात आली की शहाण्यासारखी वागणारी गाडी मात्र भल्याभल्यांना रडवते. अशी गाडी आली की काका बॉनेट उघडायचेच नाहीत. चहा मागवायचे, सिगारेटचं रिकामं पाकीट लिहून घ्यायला उलटं करून गुडघ्यावर ठेवायचे आणि विचारत सुटायचे. बंद पडते तेव्हा दिवे चालू राहतात का? हॉर्न वाजतो का? ऊन असतं की गारवा? गाडी भरलेली असते की रिकामी? ड्रायव्हर हात जोडायचे. मीही मागे उभा राहून तोंड वेंगाडायचो.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. दुसऱ्याने हात लावलेली गाडी उघडली की आधी त्या दुसऱ्याचा उद्धार करायचा. 'हे गाढवपण कोणी केलं?' असं मोठ्याने म्हटल्याशिवाय पक्कड हातात घ्यायचीच नाही. गिऱ्हाइकालाही तेच हवं असतं, आपण योग्य माणसाकडे आलो असं त्याला वाटतं. काकांनी सात वर्षांत हे वाक्य एकदाही उच्चारलं नाही. फार तर म्हणायचे, "त्या दिवशी त्याच्याकडे एवढीच तार असेल." मला हा त्यांचा दुबळेपणा वाटायचा.

रविवारी काका सकाळीच चर्चला जायचे आणि तिथून आजारी बहिणीकडे. दुकानाची किल्ली माझ्याकडे असायची. त्या दिवशी मी माझी म्हणून कामं घ्यायचो, हेही सांगून टाकतो. कोणाला मागे स्पीकर हवे असायचे, कोणाला वरातीसाठी रंगीत दिवे, कोणाला चोरबटण. त्या काळी गाड्या फार चोरीला जायच्या. इंजिनाकडे जाणारी तार मध्येच तोडून गाडीत कुठेतरी एक बटण लपवायचं. ते बंद ठेवलं की चोराने किल्ली कितीही फिरवली तरी गाडी सुरू होत नाही. ते कुठे आहे हे फक्त मालकाला आणि बसवणाऱ्याला माहीत, मालक बायकोलासुद्धा सांगत नसे आणि आम्हीही कोणाला सांगायचं नाही अशी शपथ. काका मात्र प्रत्येक मालकाला बजावायचे, "गाडी विकशील तेव्हा घेणाऱ्याच्या कानात सांग हं." एवढं सांगत बसायला मला दम नसायचा. बटण बसवून, काका यायच्या आत केर काढून मोकळा व्हायचो.

पुढे मी समोरच्याच बाजूला स्वतःचं दुकान टाकलं. काकांनी उद्घाटनाला बसबूसाचं, म्हणजे रव्याच्या गोड वड्यांचं, ताट आणलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "माझ्यापेक्षा याचा हात चांगला आहे." मी ते खरं मानलं. आकडे दाखवणारं मोजयंत्र घेतलं, काउंटरवर दिसेल असं ठेवलं. तरीही जुने ड्रायव्हर आधी काकांकडेच जायचे. ते मला खुपायचं. आता या वयात खोटं कशाला बोलू?

मग मितवल्ली नावाच्या ड्रायव्हरची गाडी आली. मन्सूरा शहराच्या रस्त्यावर चालणारी, सात माणसं बसणारी, मागे तिसरी सीट असलेली जुनी गाडी. त्याने ती तीन वर्षांपूर्वी घेतली होती आणि आकाशी रंग देऊन घेतला होता. आधीचा मालक वारला होता, मुलांनी विकली. चांगली चालता चालता इंजिन एकदम बंद पडायचं. लोक शिव्या देत उतरायचे, ढकलायचे, आणि गाडी सुरू. नंतर चार दिवस काही नाही. मितवल्लीचं कुटुंब त्या गाडीवर जगत होतं, आणि आता स्टँडवर लोक त्याच्या गाडीत बसायला कांकू करू लागले होते.

तो आधी काकांकडे गेला. त्यांनी चहा मागवला, पाकीट उलटं केलं. दिवे चालू राहतात का? राहतात. भरलेली असते की रिकामी? मितवल्ली म्हणाला, "आता ते कोण बघतं, काका?" काका म्हणाले, "मग मला तीन दिवस मागे बसून येऊ दे. ती बंद पडताना मला बघायची आहे." स्टँडवर हशा पिकला. म्हाताऱ्याला मन्सूराच्या फुकट फेऱ्या मारायच्यात म्हणे. मितवल्ली वैतागून रस्ता ओलांडून माझ्याकडे आला.

त्या दिवशी माझ्या दारात सात-आठ ड्रायव्हर जमले होते. मी डॅशबोर्डखाली डोकं घातलं. काकांचे जोड मी झोपेतही ओळखले असते: पीळ देऊन, वर मेणाचा दोरा गुंडाळून, छोटी गाठ. मी एक जोड कापून बाहेर काढला, वर धरला आणि ओरडलो, "हे गाढवपण कोणी केलं?"

"कोणी?" मितवल्लीने विचारलं.

"ओळखा! दोरा गुंडाळलाय दोरा! आजीबाई गोधडी शिवतात की वायरिंग करतात?"

सगळे फिदीफिदी हसले. कोणीतरी म्हणालं, "म्हाताऱ्याला दिसत नाही रे आता." मी म्हणालो, "न दिसायला काय झालं! पण विजेला विचारतात, गाडी भरलेली की रिकामी! वीज काय माणसं मोजते?"

काका समोर दारात उभे होते. त्यांनी ऐकलं. चष्मा काढला, स्वेटरला पुसला आणि आत गेले.

तो जोड मी दुकानात खिळ्याला टांगला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला. पण कापताना मी तो आतून पाहिला होता. तांबं नव्यासारखं चकचकीत होतं. त्यात काही दोष नव्हता, आणि हे मला त्याच क्षणी कळलं होतं. तरी मी ओरडलो. या सगळ्यात मला माफ न करता येणारी गोष्ट कुठली असेल तर ती ही.

गाडी आठवडाभर नीट चालली. माझं नाव झालं, काकांकडचे ड्रायव्हर एक एक करत माझ्याकडे आले. आठव्या दिवशी गाडी पुन्हा बंद पडली. मी ठसक्यात सांगितलं, "त्यांच्या आणखी जोडांचा घोळ असणार, एकेक काढावा लागेल." लोकांनी मान डोलावली. काकांच्या दुकानात आता माशासुद्धा जात नव्हत्या.

आणि काका स्टँडवर जाऊन तिकीट काढून मितवल्लीच्या गाडीत बसू लागले. रोज सकाळी, कागदात गुंडाळलेली, घेवड्याची उसळ भरलेली भाकरी आणि कांद्याची पात घेऊन, मागच्या सीटवर. मन्सूराला जायचे, उतरायचेही नाहीत, त्याच गाडीने परत. मितवल्लीने कपाळाला हात लावला पण उतारूला नाही कसं म्हणणार? कहवाखान्यात लोक म्हणायचे, म्हातारा भ्रमिष्ट झाला. मी माझा ग्लास उचलून गोड चहा पीत राहायचो.

दहाव्या-बाराव्या दिवशी दुपारी काका माझ्या दुकानात आले. मी एकटाच होतो. त्यांनी खिशातून एक बटण काढून काउंटरवर ठेवलं. गंजलेलं, दोन तारांचे तुकडे लोंबणारं, वर मेणाचा दोरा.

"मागच्या सीटखाली, उजव्या अंगाला होतं," ते म्हणाले. "आतली स्प्रिंग सैल पडलीय. तिथे जड माणूस बसला आणि गाडी गतिरोधकावर आदळली, की सीट बटणाच्या दांडीवर टेकते. वीज तुटते, इंजिन बंद. ढकलायला सगळे उतरले की सीट वर येते, आणि गाडी सुरू. बिचाऱ्यांना वाटतं ढकलल्यामुळे झाली."

मी बटण हातात घेतलं. दोऱ्याकडे बघत होतो.

"गाठ मी शिकवलेलीच आहे," काका म्हणाले. "पण पीळ उलटा आहे, रिफअत. डावखुऱ्याचा."

स्टँडवर डावखुरा मी एकटाच. मग आठवलं: पांढरी गाडी, रविवार, हाज शिबल नावाचं घाईतलं गिऱ्हाईक. तोच तो वारलेला मालक. रंग बदलला म्हणून मी गाडी ओळखली नव्हती. त्या बटणाची जागा माहीत असलेला एकच जिवंत माणूस उरला होता, आणि तो दारात उभा राहून दुसऱ्याच्या नावाने ओरडला होता.

"काका, मी..."

"मितवल्लीला मी एवढंच सांगितलं, मागे एक तार तुटत होती, जोडली. नाव कोणाचं घेतलं नाही. तुझी दोन मुलं आहेत." ते निघाले, मग खिळ्याला टांगलेल्या जोडाकडे बघून थांबले. "हा मात्र काढ रे. चांगला होता तो."

ते गेले आणि मी जोड खिळ्यावरून काढला.

आता तरी माणसाने उठून कहवाखान्यात जावं आणि जसं ओरडला तसंच ओरडून सांगावं. मी गेलोही. तिथे मितवल्ली मजेत होता. "म्हाताऱ्याने शेवटी स्वतःची चूक स्वतःच निस्तरली बुवा! बारा दिवस लागले, पण निस्तरली." लोक हसले. एकाने मला टाळी दिली, "तू पहिल्या दिवशीच सांगितलं होतंस, उस्ता!" माझं तोंड उघडायला हवं होतं. मी मिठाची गुळणी धरून बसलो. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. रोज ठरवायचो, आज बोलायचं. रोज कोणीतरी 'उस्ता रिफअत' म्हणून जागा करून द्यायचं आणि मी त्या जागेवर बसायचो.

महिनाभरात काकांनी दुकान आवरलं. मुलगी अलेक्झांड्रियाला होती, तिच्याकडे चालले होते. मितवल्लीची गाडी मन्सूरापर्यंत, तिथून आगगाडी. एक पेटी, गळ्यात तो बल्ब. मागच्या सीटवर उजव्या कोपऱ्यात बसले. गाडी भरली होती, ड्रायव्हर जमले होते. मी दाराशी गेलो. आता सगळ्यांसमोर बोलायचं असं ठरवूनच गेलो.

"काका, लोकांना सांगायचं होतं, ते बटण..."

"दार जोरात लाव," काका म्हणाले. "याची कडी नीट बसत नाही."

मी दार लावलं. गाडी गेली.

ते वारल्याची बातमी हिवाळ्यात आली. त्या संध्याकाळी मी बटण मुठीत घेऊन कहवाखान्यात गेलो, उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. रविवारची कामं, हाज शिबल, चकचकीत तांबं, सगळं. बटण टेबलावर ठेवलं. "ही गाठ बघा. माझी आहे."

मितवल्लीने बटण हातात घेतलं, फिरवून पाहिलं. "ही तर त्यांचीच गाठ. दोरा कोण गुंडाळतं त्यांच्याशिवाय? तूच म्हणाला होतास."

"पीळ बघ. उलटा आहे. मी डावखुरा..."

पीळ उलटा की सुलटा हे त्यांच्यापैकी कोणाला दिसणार? ते ओळखणारा एकच माणूस होता. मितवल्लीचे डोळे भरून आले. तो उठला, मला मिठी मारली आणि सगळ्यांना म्हणाला, "बघा रे! उस्ताद मेला तर त्याची चूक हा स्वतःच्या अंगावर घेतोय. शिष्य असावा तर असा." माझ्या चहाचे पैसेही त्या दिवशी कोणी घेतले नाहीत.

त्यानंतर मी किती जणांना सांगितलं याची मोजदाद नाही. जितकं सांगतो तितकं माझं नाव मोठं होतं. बटण आता त्या खिळ्याला टांगलेलं आहे, आणि गिऱ्हाईक त्याच्याकडे बघून आदराने छातीवर हात ठेवतात. मधूनच बिघडणारी गाडी आली की मी बॉनेट उघडत नाही. चहा मागवतो आणि आधी विचारतो, भरलेली असते की रिकामी? लोक म्हणतात, काय हुशार प्रश्न विचारतो हा रिफअत.