साडीगार्डच्या जागी

मोटारसायकलला कॅरिअर बसवताना लोक एक चूक हमखास करतात. ते कॅरिअर मडगार्डला कसतात. मडगार्ड म्हणजे पत्रा. दोन महिने हादरे खाल्ले की बोल्टाच्या भोकापासून चीर जाते आणि एक दिवस कॅरिअर मालासकट लोंबायला लागतं. माझ्या वडिलांचं घाटंजीला सायकलचं दुकान होतं, त्यामुळे एवढं मला कळतं. ती चूक मी केली नाही. मी दुसरी केली.

आठवडी बाजारात बायकांचे कपडे विकण्याचा माझा धंदा आहे. गाऊन, परकर, आतले कपडे. यवतमाळहून निघून कळंब, राळेगाव, घाटंजी. धंदा मी सुरू केला. नवऱ्याचं कापसाच्या जिनिंगमधलं काम सुटल्यावर तो गाडी चालवायला आला. मी मागे एका अंगाने बसायची, मांडीवर एक गठ्ठा, पाठीशी सायकलच्या ट्यूबने आवळलेली पोत्याची चुंगडी. बाजारात पोचलो की तो पाल ठोकून द्यायचा आणि चहाच्या टपरीवर जाऊन बसायचा. दुकान मी बघायची. गिऱ्हाइकं माझी होती. कुणाला कुठलं माप लागतं ते मला तोंडपाठ होतं.

एकदा कळंबच्या अलीकडे गतिरोधकावर ट्यूब तुटली. चुंगडी रस्त्यावर फुटली, गाऊन चिखलात, आणि मागून येणारा ट्रॅक्टर थांबेपर्यंत त्यांच्यावरून गेलाही. दुसऱ्या दिवशी मी गाडी आणि नवरा दोघांना घेऊन वेल्डिंगच्या दुकानात गेले.

"वैनी, मडगार्डले दोन बोल्ट मारून देतो. अर्ध्या घंट्याचं काम," मिस्तरी म्हणाला.

"मडगार्डले नाही. वरून सीटखालच्या चेसिसले आन् खालून शॉकअपच्या बोल्टाले."

"मंग बोल्ट लांब लागन."

"मंग लांब आणा."

त्याने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा म्हणाला, "तिचंच आयका भाऊ. मले त घरीबी तेच करा लागते." दोघं हसले. मी टेप काढली.

काम मी समोर उभं राहून करून घेतलं. ताडपत्रीच्या दोन बॅगा दोन्ही बाजूंना लटकणार होत्या. त्या चाकात जाऊ नयेत म्हणून दोन्हीकडे सळईची चौकट घातली. उजवीकडे सायलेन्सर, म्हणून तिकडची चौकट चार बोटं वर घेतली आणि मध्ये पत्रा लावला, नाहीतर ताडपत्री वितळते. डावीकडे साडीगार्ड होतं, त्याच्याखाली बायकांचा लांब फुटरेस्ट. दोन्ही आड येत होते.

"हे काढा लागते," मिस्तरी म्हणाला.

"काढा."

मग चुंगडी ठेवायच्या वरच्या जाळीचं आलं. तो जाळी मागच्या दिव्याच्याही मागे नेत होता. मी अडवलं. वजन मागच्या चाकाच्या पलीकडे गेलं की हँडल हलकं पडतं आणि चढावर गाडी हातात राहत नाही. "पुढं घ्या. सीटवर येऊ द्या."

"वैनी, मंग तुमी कुठं बसान?"

"पयले माल बसू द्या."

हे वाक्य माझं आहे. कुणी माझ्या तोंडात घातलेलं नाही. त्या वेळी डोक्यात फक्त मापं होती.

सगळे बोल्ट हादऱ्याने सैल न होणाऱ्या नायलॉक नटाने आवळले. कॅरिअर धरून हलवलं तर अख्खी गाडी हलली. तसंच व्हायला हवं. नुसतं कॅरिअर हललं तर काम कच्चं. घरी येऊन मी प्रत्येक नटावरून बोल्टावर लाल नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढली. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते आणि नुसत्या नजरेने कळतं.

पहिल्या बाजाराच्या सकाळी बॅगा भरल्या, जाळीवर चुंगडी बांधली आणि मी बसायला गेले. सीट वीतभर उरली होती. पाय ठेवायला काही नव्हतं.

"राहू दे," नवरा म्हणाला. "आजच्या दिवस मीच जाऊन येतो."

तो आजचा दिवस दिवाळीपर्यंत चालला. त्याला गंमत वाटायला लागली. बाजारातली माणसं शेठ म्हणतात, असं एकदा जेवताना सांगितलं. मी घरी बसून गाऊनला बटणं लावत होते. पण माल परत यायला लागला, आतले कपडे तर जसेच्या तसे. शेवटी तो म्हणाला, "तुले या लागते बाजारात. बाया मले मापच सांगत नाहीत. पाहतात आन् निंगून जातात."

मी हातातलं काम खाली ठेवलं. खरं सांगायचं तर मला आनंद झाला.

"येतो ना. पण बसू कुठं?"

"येष्टी आहे ना. बायायले त अर्धंच तिकीट लागते."

तेव्हापासून माझा माल मोटारसायकलने जातो आणि मी एसटीने. राळेगावला मी उतरते तोवर पाल ठोकलेलं असतं, माल त्याच्या मनाने मांडलेला असतो आणि पैशांच्या पेटीजवळच्या स्टुलावर तो बसलेला असतो. मी मागच्या कोपऱ्यात उभी राहून बायकांना मापं काढून देते. भाव तो सांगतो. स्टुलाचा विषय मी एकदा काढला. "बसतो मी, त काय झालं? दुकान आपलंच आहे ना?" म्हणाला. टपरीवर आता तो जात नाही.

गेल्या महिन्यात एक मुलगी आली. तिच्या लग्नातले परकर माझ्याकडूनच नेले होते. आता तिच्या कडेवर लेकरू होतं. मला पाहून तिला बरं वाटलं.

"काकू, किती दिवसानं दिसल्या! तुमचं दुकान बंद केलं का? यायच्याकडे कामाले लागल्या?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो सुटे मोजत होता. त्याने ऐकलं होतं. मान मात्र वर केली नाही.

"माप सांग," मी तिला म्हटलं.

स्टँडवरून घरी येताना मी वेल्डिंगच्या दुकानात थांबले आणि जाळी मागे सरकवून साडीगार्ड परत लावता येईल का विचारलं. "लावता येते," मिस्तरी म्हणाला, "पण हँडल हलकं पडन. तुमीच त सांगतलं होतं." साडीगार्ड भंगारात गेलं होतं. आणि हँडलचं तो खरं बोलत होता.

काल बाजार होता. बॅगा भरून झाल्यावर मी नेहमीसारखी खाली वाकून एकेक नट पाहिला.

"आता गाडीले काय पाहून राह्यली? येष्टी निंगन तुई."

माल माझा आहे, म्हणून पाहते. रेघा सगळ्या सरळ होत्या. इतके महिने झाले, एकही नट केसाएवढा हललेला नाही. मी हात पुसले, पिशवी उचलली आणि स्टँडकडे चालायला लागले.