चौथा कोपरा

आमच्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात. माझी आई लोकांच्या वाकळा शिवून द्यायची. मंगळवार पेठेतल्या एका बोळात आमच्या दोन भाड्याच्या खोल्या होत्या आणि वाकळ पसरता येईल एवढी मोकळी जमीन त्या दोन्हींत मिळून नव्हती. म्हणून ती घरमालकाच्या गच्चीवर शिवायची. पावसाळ्यात काम बंद. एरवी सकाळी, ऊन तापेपर्यंत, आणि मग ऊन उतरल्यावर. चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवायच्या, मधे बसायचं आणि बसल्या जागेवरून सरकत सरकत टाके घालत जायचं. संध्याकाळी ती खाली आली की तिच्या साडीच्या मागच्या बाजूला गच्चीची सगळी धूळ असायची.

लोक घरातल्या जुन्या कपड्यांची बोचकी आणून द्यायचे. धोतरं, लुगडी, परकर, शाळेचे गणवेश. आई ते धुऊन, फाडून, थर लावून सबंध वाकळ हातानं शिवायची. हे नव्वदच्या आसपासचं सांगते आहे. तेव्हा मी तेरा वर्षांची होते आणि मला वाकळेच्या मधल्या भागात काडीचा रस नव्हता. एकसारखे टाके, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. ते बघूनच मला जांभई यायची. मला आवडायचं ते शेवटचं काम. वाकळ शिवून झाली की तिच्या चारी बाजूंना रंगीत कापडाचा गोट लागायचा आणि चार कोपऱ्यांना चार त्रिकोणी तुकडे. तिथे वाकळेला रूप यायचं. आईच्या लेखी त्यात रूपाचा काही संबंध नव्हता. वाकळ ओढताना कोपराच हातात येतो, म्हणून तो आधी फाटतो, म्हणून त्याला दुहेरी कापड. इतकंच.

गिऱ्हाइकं मात्र शेवटच्या कामाला आपापल्या फर्माइशी सांगायची. कुणाला डोक्याच्या बाजूला लाल पट्टी हवी, म्हणजे पायाची बाजू तोंडावर यायला नको. कुणाला मधोमध चार पाकळ्यांचा चौफुला. एकीनं नवऱ्याच्या जुन्या शर्टाचा खिसा वाकळेवर तसाच ठेवायला सांगितला. मला वाटलं, काय प्रेम आहे. नंतर कळलं की ती त्यात मिश्रीची डबी ठेवायची.

तीन कोपरे झाले की आई चौथ्यापाशी थांबायची. तिच्या शिवणाच्या डब्यातून स्वतःच्या एखाद्या जुन्या साडीचा तुकडा काढायची, बोटाएवढा, बहुतेक निळा, कारण तिच्या साड्या बहुतेक निळ्या. तो त्रिकोणाच्या आत सरकवायची आणि वरून टाका घालून टाकायची. बाहेरून काही दिसायचं नाही. एकदा मी विचारलं तर म्हणाली, "बोचकं त्यांचं, दोरा त्यांचा. एक कोपरा तर माझा असू दे की." हे तिला तिच्या आईनं शिकवलं होतं. आमच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि पेठेतल्या दोन-चार जुन्या घरांत तेव्हाही आईला चहा वेगळ्या कपातून यायचा. कप धुऊन पालथा घालायचा आणि यायचं. त्याच घरांतली माणसं रात्री माझ्या आईची साडी गळ्यापर्यंत ओढून झोपत होती. ती हे कधी बोलली नाही. माझ्या लक्षात यायलाही पुष्कळ वर्षं गेली, आणि आलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

आईचा दुसरा नियम गाठीचा. वाकळेत गाठ मारायची नाही. दोरा संपला की टोक दोन थरांच्या मधे ओढून घ्यायचं. गाठ अंगाला टोचते, तान्ह्या पोराला तर फारच. हा नियम मला ठाऊक होता. तरी मी पोपट केला.

शाळेत आम्हाला भरतकाम असायचं. मी तळहाताएवढ्या पांढऱ्या कापडावर पोपट भरला होता. हिरवा, चोच लाल, बसायला फांदी. मान जरा वाकडी झाली होती, पण बाईंनी वहीवर 'छान' लिहिलं होतं आणि मी हवेत होते. त्या वेळी आई शेजारच्या गल्लीतल्या एका काकूंची वाकळ करत होती. काकूंची लेक बाळंतपणाला येणार होती, तिच्यासाठी. वाकळ तयार होऊन घडी घालून ठेवलेली होती. आई पाणी भरायला गेली तेवढ्यात मी ती उलगडली आणि डोक्याच्या बाजूला, अगदी मधोमध, माझा पोपट शिवून टाकला. आई बघेल, काकू बघतील, दोघी म्हणतील, हे कुणी केलं? असा माझा बेत.

काकू आईच्या आधीच आल्या. आई घागर घेऊन दारात पोचेपर्यंत त्यांनी वाकळ उघडून गालाला लावून पाहिलीसुद्धा.

"काय टोचालंय गं हे?" त्या म्हणाल्या. "आणि ह्यो पोपट कुणी सांगितलाता?"

पोपटाच्या पाठीमागं गाठीच गाठी होत्या. रंग बदलला की गाठ, दोरा संपला की गाठ. कापड इतकं पातळ की त्या पुढूनही हाताला लागत होत्या. आईनं घागर खाली ठेवली, हात पुसले, कात्री घेतली आणि चार बाजूंचे माझे टाके चार कापांत तोडले. पोपट तिच्या मुठीत आला.

"पोरीनं केलंय," ती काकूंना म्हणाली. "तिला अजून कळत न्हाय."

मला काय वाटलं ते आजही सांगता येईल. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा राग जास्त आला. चुकलं म्हणाली असती तर चाललं असतं. कळत नाही म्हणाली, तेही बाहेरच्या बाईसमोर. मी दोन वेळा जेवले नाही. तिनं दोन्ही वेळा ताट झाकून ठेवलं आणि समजूत काही काढली नाही. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "माझा पोपट कुठाय?"

"गेला," ती म्हणाली आणि भाकरी थापत राहिली.

त्यानंतर मी वाकळेला हात लावला नाही. दहावीनंतर शिवणक्लासला गेले, मशीन शिकले. माझा हात चांगला आहे, हे मला लोकांनी सांगितलं. लग्न होऊन कोडोलीला आले तेव्हा घराच्या पुढच्या सोप्यात मशीन टाकलं आणि वर्ष-दीड वर्षात ब्लाउजसाठी आजूबाजूच्या वाड्यांतून बायका यायला लागल्या. आईचेही ब्लाउज मीच शिवायचे. दिला की ती आधी तो उलटा करायची. आतली शिवण बघायची, बोट फिरवायची आणि म्हणायची, "बरं हाय." दरवेळी तेच. बरं हाय. दोन पोरांची आई झालेल्या बाईनं आईच्या तोंडून 'चांगलं' ऐकायची वाट बघत बसावं, हे काही शहाणपणाचं लक्षण नाही. पण मी बघत होते, आणि येत नव्हतं म्हणून चिडत होते.

वडील गेले तशी मी आईला कोडोलीला आणलं. साखरेनं तिचे डोळे खाल्ले होते. डावा गेला होता आणि उजव्याला फक्त उजेड-अंधार कळायचा. ती सोप्यात खांबाला टेकून बसायची आणि आवाजावरून सांगायची, तुझ्या मशीनला तेल घाल.

त्यानंतर दोनेक वर्षांनी माझी थोरली सहावीला निवासी शाळेत लागली. परीक्षा देऊन लागली होती, आम्हाला सगळ्यांना अभिमान. शाळेनं सामानाची यादी पाठवली. सतरंजी, चादर, पांघरूण, प्रत्येकावर मुलीचं नाव हवं. मी वाचून दाखवत होते. पांघरुणापाशी आई म्हणाली, "पांघरूण म्हंजे वाकळ. ती मी करणार."

"आई, दिसत नाही तुला."

"हातानं शिवत्यात. डोळ्यानं न्हाय."

पुढचे तीन-चार आठवडे ती तेच करत होती. मी सकाळी कामाला बसण्याआधी दहा-बारा सुयांत दोरा ओवून त्या एका उशीला टोचून ठेवायची. आई डाव्या हाताचा अंगठा कापडावर ठेवायची, नखाला लागून सुई घालायची, अंगठा पुढे सरकवायची, पुन्हा सुई. टाके पहिल्यासारखे नव्हते. कुठे लांब, कुठे आखूड, ओळी सोप्याच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाताना वाट चुकलेल्या. मधल्या भागाचं मला काही वाटलं नाही. गोट लावायची वेळ आली तेव्हा मी म्हणाले, आता दे मला, मी मशीनवर लावते.

"गोट लाव," आई म्हणाली. "नाव तू भर. तीन कोपरं पण तू कर. चौथा माझा."

मी गोट लावला. तीन कोपऱ्यांना लाल त्रिकोण लावले, सुतात सरळ. डोक्याच्या बाजूला साखळी टाक्यानं मुलीचं नाव भरलं, मागं एकही गाठ नाही. आणि चौथा कोपरा आईनं केला. अर्धा दिवस घेतला. तिचा तो जुना डबा शोधायला लावला, मला बाजूला व्हायला सांगितलं, माझ्याकडे पाठ करून बसली. झालं म्हणाली तेव्हा मी बघितलं. त्रिकोण तिरका बसला होता, एका बाजूला चुणी पडली होती, टाके तर कुठल्या कुठे गेले होते. माझ्या तीन कोपऱ्यांशेजारी तो फारच वाईट दिसत होता.

मला खरं सांगायला हरकत नाही. मला त्याची लाज वाटली. त्या शाळेत चांगल्या चांगल्या घरच्या मुली, दुकानातली पांघरुणं घेऊन येणार. हिच्याकडे बघून म्हणतील, तुझी आई शिवणकाम करते ना? दुसऱ्या दिवशी दुपारी आई आडवी झाल्यावर मी वाकळ घेऊन बसले आणि तो कोपरा उसवला. दहा मिनिटांत सरळ करून ठेवायचा, तिला कळणारही नाही, असं माझं चाललं होतं.

त्रिकोण सुटला. आत निळ्या साडीचा तुकडा असणार हे ठाऊक होतं, तो होता. त्याच्याखाली अजून एक कापड होतं, पांढरं, पिवळट पडलेलं, चार घड्या घातलेलं. मी ते उघडलं. हिरवा पोपट. लाल चोच, फांदी, वाकडी मान.

मशीनपाशी ब्लाउज न्यायला एक बाई बसली होती, ती म्हणाली, काय झालं? मी म्हणाले, काही नाही, उद्या या. ती गेल्यावर मी भरपूर रडले. मग घाईघाईत पोपट पुन्हा घड्या घालून आत ठेवला, निळा तुकडा ठेवला आणि वरून त्रिकोण लावून टाकला. हाताला जी सवय होती तसाच लावला. सरळ.

संध्याकाळी आई म्हणाली, वाकळ आण, घडी घालू. मी एका बाजूनं धरली, ती दुसऱ्या बाजूनं. घडी घालण्याआधी तिनं कोपरे चाचपले. एक, दोन, तीन. चौथ्यावर तिचा अंगठा थांबला. ती एका कडेनं गेली, दुसऱ्या कडेनं आली.

"ह्यो माझा टाका न्हाय," ती म्हणाली.

मी हातातली कड खाली ठेवली.

"उसवलास व्हय?"

"व्हय."

"मग बघितलास की."

"बघितला. गेला म्हणालीस मला. मला वाटलं, चुलीत घातलास."

"चुलीत कशाला घालीन? त्या बाईच्या वाकळंत नको हुता, येवढंच. डब्यात हुता. काल चाचपला तर गाठीवरनं वळखला." तिनं कोपरा दोन बोटांत धरून चोळला. "आता गाठी आत घडीत केल्यात. पोरीला टोचायच्या न्हाईत."

ती त्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवतच होती, सावकाश, एकेक टाका मोजल्यासारखा. मग वाकळ उलटी केली आणि पाठीमागूनही फिरवला.

"चांगला हाय टाका," ती म्हणाली. "लई चांगला हाय."

वीस वर्षांत पहिल्यांदा.

"पर ह्यो कोपरा माझा हाय," ती म्हणाली. "उसव."

मी कात्री घेतली आणि माझे सरळ टाके एकेक करून काढले. मग सुईत दोरा ओवला, टोकाला गाठ मारली नाही, आणि सुई तिच्या हातात दिली.