पॅलेसच्या दारातली तीस वर्षं

स्टँडवर पावणं उतरले, की बसलिंगाप्पाची रिक्षा पुढं आलीच म्हणून समजा. "चला पावणं! अंबाबाई, रंकाळा, न्यू पॅलेस, जोतिबा, दिवस मावळायच्या आत समदं दाखवतो. एकदम नाद खुळा!" आणि दाखवायचा म्हणजे काय, तोंडानं दाखवायचा. पॅलेसमधला पेंढा भरलेला वाघ असा जबडा वासून उभा हाय, की बायामाणसं मागं सरत्यात. दरबारातल्या रंगीत काचांतून ऊन आलं, की फरशीवर रांगोळी पडतीया. ऐकणाऱ्याला वाटावं, गडी त्या दरबारातच रांगायला शिकला.

आता खरं सांगू? तीस वर्षांत या पठ्ठ्यानं पॅलेसच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. पावणं आत गेले की रिक्षावाल्यानं गाडी सोडायची नाही, हा धंद्याचा रिवाज. गाडी सोडली, तर बाहेर आलेले पावणं दुसऱ्याच्या रिक्षात बसून पसार! म्हणून हा आपला झाडाखाली बसायचा, मनोऱ्यावरच्या घड्याळाकडं बघत तंबाखू मळायचा. परतीच्या वाटेवर मात्र खुबीनं विचारायचा, "मग पावणं, काय काय आवडलं?" त्यांनी सांगितलेलं दुसऱ्या दिवशी नव्या पावण्यांच्या कानात. अंबाबाईचं त्यातल्या त्यात बरं होतं. तिथं निदान लांबून कळसाला हात जोडता यायचे.

पावण्यांना थापा मारल्या, ते एक वेळ खपलं. पण हा बहाद्दर बायकोलाही तेच सांगायचा. उचगावच्या दोन खोल्यांत शांतव्वा संध्याकाळी भाकऱ्या थापायची आणि हा उंबऱ्यावर बसून तिच्यापुढं दरबार उभा करायचा. ती गडहिंग्लजकडची, नवऱ्याला कानडीतलं 'री' म्हणून हाक मारणारी. ऐकता ऐकता तिचा हात तव्यावरच थांबायचा.

"री, मला एकदा न्या की तिकडं."

"त्यात काय बघायचंय? मी रोज बघतोय."

कधी सुट्टीचा सीझन आडवा यायचा, कधी रिक्षाचं पासिंग. पण खरी अडचण भलतीच होती. हिला नेलं तर आपलं पितळ उघडं पडणार, ही धास्ती. शांतव्वा बिचारी शेजारणींना कौतुकानं सांगायची, "आमच्यांनी समदं बघितलंय, बाई."

मग तिला काचबिंदू झाला. आधी एक डोळा गेला, मग दुसरा. डॉक्टर म्हणाले, फार उशिरा आलात. त्या दिवशी बसलिंगाप्पा दवाखान्याच्या पायरीवर पोरासारखा रडला. घरी आल्यावर म्हणाला, "शांते, जाऊया आपण पॅलेसला." काय उपयोग आता? पण ती हसली आणि म्हणाली, "चला. तुम्ही सांगा, मी ऐकती. रोजचंच हाय की."

मंगळवारी ती ठेवणीतलं इरकल नेसून मागच्या सीटवर बसली, अगदी गिऱ्हाइकासारखी. त्यानं सवयीनं त्याच झाडाखाली रिक्षा लावली, तिचा हात आपल्या दंडावर घेतला आणि फाटकातून आत गेला. आत गेल्यावर त्याला पुढचं काही सुचेना. दारावरच्या वॉचमनला तो विचारून बसला, "तिकीट कुठं काढायचं, हो? आणि आत कुठनं जायचं?"

त्याच्या दंडावरचा शांतव्वाचा हात जरासा घट्ट झाला.

आत त्यानं वाघ बघितला. दरबार बघितला. काचा तो सांगायचा तिथं नव्हत्याच, भलतीकडंच होत्या, आणि त्यानं रंगवल्या त्याच्या दसपट देखण्या होत्या. तीस वर्षं चुरूचुरू चालणारं तोंड, आणि आता जीभ टाळ्याला चिकटलेली.

"सांगा की, री."

"सांगतो... थांब जरा."

"पहिल्यांदाच बघताय न्हवं?"

"व्हय," बसलिंगाप्पा म्हणाला.

"मला वाटायचं, तुमचं बघून बघून झालंय, म्हणून मला आणायचा कंटाळा करताय." तिचा आवाज शांत होता, तेच त्याला सोसेना. "आधी सांगायचं हुतं की हो. दोघांनी मिळून बघितलं असतं."

एवढ्या माणसांत त्याला धाय मोकलून रडावंसं वाटलं. शांतव्वानं चाचपडत कोपऱ्यातलं बाकडं शोधलं आणि पदर सावरून बसली.

"जावा, सावकाश बघून या. तुम्ही इतकी वर्षं भाईर थांबलासा. आज मी थांबती."

तो दोन पावलं गेला. दरबारात ऊन आलं होतं आणि फरशीवर खरोखरच रंग सांडले होते. ते बघून तो माघारी फिरला आणि तिच्याशेजारी बाकड्यावर बसला.

"झालं बघून?"

"एकट्यानं काय बघायचं त्यात," बसलिंगाप्पा म्हणाला.