आडव्या तारा

माझा भाऊ सुश्रुत भित्रा आहे. हे मी त्याच्या तोंडावर सांगत आले आहे, तेव्हा इथे सांगायला काही हरकत नाही. कुत्र्याला घाबरतो, माकडाला घाबरतो, नावेत बसला की पलीकडचा काठ लागेपर्यंत डोळे मिटून घेतो. आणि राहतो कुठे, तर काशीत, मंगला गौरीच्या उतारावर, जिथे दारात माकडं आणि चार पावलांवर नदी. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि मी एकवीस. माझं लग्न राहूनच गेलं. शाळेत संस्कृत शिकवलं, घरी ह्याला वाढवलं. अंबिकाबाईंचा दरारा शाळेत होता तसाच घरातही होता, हे मी अभिमानाने सांगत असे.

बाबांच्या मागे यजमानांच्या पूजा सांगायचं काम त्याच्याकडे आलं. पंधरा वर्षं केलं बिचाऱ्याने. समोर चार माणसं बसली की त्याची बोबडी वळायची, संकल्पात यजमानाचं गोत्रच चुकायचं. शेवटी चाळिशीला टेकल्यावर त्याने पूजा सोडली आणि नसीम चाचांच्या दुकानात जायला लागला. चाचा मूळचे विणकर. हातमाग बंद पडल्यावर त्यांनी बॅडमिंटनच्या रॅकेटा हाती घेतल्या. जुन्या तारा काढायच्या आणि नव्या ताणून बसवायच्या, ह्याला सगळे गटिंग म्हणतात. चाचा मात्र अजून उभ्या तारांना ताना आणि आडव्यांना बाना म्हणतात.

मला वाटलं, बरं झालं, रॅकेट काही गोत्र विचारत नाही. पण ज्याला भ्यायचंच आहे त्याला कुठेही सापडतं. जेवताना तो ताटात बोटाने फ्रेम काढून दाखवायचा. "ताई, एका तारेचा ताण दहा-अकरा किलो. अशा बावीस उभ्या. फ्रेम दिसायला मजबूत, पण आतून पोकळ. मशीनचे टेकू जरा जास्त आवळले तर चेपते, कमी आवळले तर हलते. भोकातली प्लास्टिकची नळी फुटली असेल तर तार थेट फ्रेमलाच कापते." घास हातात तसाच राहायचा. "जेव आधी," मी म्हणायची.

पहिल्याच महिन्यात त्याने एक फ्रेम घालवली. नशीब, भंगारातली होती. जन्मभर पूजेत उजवीकडून सुरुवात, उजवीकडचं पुरं झाल्याशिवाय डावीकडे वळायचं नाही, असं हाताला वळण. ह्या पठ्ठ्याने उजव्या अंगाच्या अकराच्या अकरा तारा ओढून टाकल्या आणि मग डावीकडे हात घातला. कट्ट असा आवाज आला. फ्रेमचं डोकं एका बाजूला कलंडलं होतं आणि कडेला केसाएवढी चीर. चाचा रागावले नाहीत. मधून सुरू करायचं, एक उजवी, एक डावी, कुठलंही अंग दोनहून जास्त पुढे जाऊ द्यायचं नाही, एवढं पुन्हा सांगितलं. मग म्हणाले, "डरते हो? अच्छा है. जो नहीं डरता, उसको मैं मशीन पर नहीं बैठाता."

त्या आवाजाने मात्र सुश्रुतचा पिच्छा सोडला नाही. घरात पापड मोडला तरी दचकायचा. तरी रोज जायचा, आणि वर्षभरात त्याच्या हातून दुसरी फ्रेम गेली नाही. काम करताना फोन बंद ठेवायचा, घंटी वाजून हात हलायला नको म्हणून.

आता त्या सकाळचं सांगते. जानेवारी होता, धुक्यात समोरचा काठही दिसत नव्हता. साडेनऊला रामनगरहून कुशलचा फोन आला. हा आमच्या काकूंचा भाचा. श्रीराम काका गेले, म्हणाला. बाबांचे धाकटे भाऊ, नदीपलीकडे राहणारे, मूलबाळ नाही. अग्नी सुश्रुतनेच द्यायचा. ते लोक पुलावरून गाडीने निघून तासा-दीड तासात मणिकर्णिकेवर येणार होते.

आमच्या घरात भाऊबंदातल्या मरणाची बातमी कानावर आली की हातातलं काम तिथेच टाकून स्नान करायचं. भिजवलेली कणीक परातीत तशीच राहते. एकदा बाबा यजमानाची पूजा अर्धी सोडून घाटावर उतरले होते. मी गार पाण्याने डोक्यावरून स्नान केलं, त्याचा फोन लावला तर बंद, म्हणून ओल्या केसांनीच दुकान गाठलं.

चाचा नव्हते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, डोळ्यावर पट्टी बांधून घरी पडले होते. सुश्रुत एकटा मशीनवर वाकलेला.

"उठ," मी म्हटलं. "श्रीराम काका गेले. स्नान कर आणि मणिकर्णिकेवर जा. सगळे निघालेत."

तो ताडकन उभा राहिला. जन्मभर मी उठ म्हटलं की तो उठतच आला आहे. डोळे भरले त्याचे. लहानपणी काकांनीच त्याला खांद्यावर बसवून फिरवलं होतं. मग त्याची नजर मशीनकडे गेली, आणि तो हळूच पुन्हा खाली बसला.

"ताई, ताना ओढून झालाय. बाना बाकी आहे."

"म्हणजे?"

"उभ्या तारांनी फ्रेमला खाली दाबलंय. आडव्या पडत नाहीत तोपर्यंत तिला आधार नाही. अशी अर्धी सोडून गेलो तर परत येईपर्यंत बसेल ती. चीर जाईल."

"मग काप त्या तारा आणि उठ."

"ही तार बकुळला लागते आणि ह्या तारेचा हा आखरी संच आहे. नवीन माल परसों येणार. तिची साडेबाराची गाडी आहे."

बकुळ मला ठाऊक होती. बँकेत बदलून आलेल्या नागपूरकरांची सोळा वर्षांची मुलगी. दुसऱ्या दिवशी लखनौला राज्याच्या संघाची निवड होती. बाप दोन रॅकेटा घेऊन देणाऱ्यातला नव्हता, तिच्याकडे ही एकच होती.

मी भडकले. काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. काकांचं प्रेत रस्त्यावर आणि तू पोरीच्या खेळण्यापाशी बसतोस, एवढं तर बोललेच. सुतकाचं बोलले, बाबांचं नाव काढलं. गल्लीतला चहावाला डोकावून गेला. सुश्रुतचे कान लालबुंद झाले. पण हात तारेवरच होते.

"बाहर उभी राहा, ताई. किंवा बस. पण मागून बोलू नकोस. हात हलतो माझा."

मी बसले. रागानेच बसले.

आडव्या तारा एकवीस. एक खालून, एक वरून, प्रत्येक तार बावीस उभ्यांमधून काढायची, मग तिला ताणणारा वजनाचा दांडा हळूहळू सोडायचा. तो आडवा येऊन थांबेपर्यंत श्वास रोखायचा. सुश्रुतची बोटं इतकी कापत होती की तारेचं टोक भोकात जाईना. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा गेलं. मी मनात मोजत होते, तारा आणि मिनिटं दोन्ही. ऐकूनही स्नान न करता बसलेला माणूस, आणि त्याला समोर बसून बघणारी मी.

सातव्या तारेला माझा फोन वाजला. कुशल.

"अंबिका दीदी, आम्ही पुलावर पोचलो. भैया निघाला का?"

सुश्रुतने मान वर केली नाही, पण हात थांबले. शाळेत खोटं बोलणाऱ्या मुलांना मी बाकावर उभं केलेलं आहे. त्या मुलांची नावंही मला आठवतात.

"स्नानाला गेलाय," मी म्हटलं. "येतोच आहे."

फोन ठेवला. दांडा पुन्हा खाली येऊ लागला.

तेराव्या तारेला कट्ट झालं.

त्याने दांडा धरून ठेवला. त्याच्या तोंडावरचा रंग उडाला होता. काका नाही, सुतक नाही, त्या क्षणी मला फक्त ती चीर दिसत होती, जी अजून कुणी पाहिलीही नव्हती. त्याने मोकळ्या हाताचं नख फ्रेमच्या कडेवरून फिरवायला घेतलं. अख्ख्या वर्तुळावरून, थांबत थांबत. मी खुर्ची सोडून कधी उभी राहिले ते कळलं नाही.

"नळी सरकली," तो म्हणाला. "फ्रेम ठीक आहे."

"नीट बघ."

"बघितलं."

"परत बघ," मी म्हटलं, आणि त्याने परत बघितलं.

पुढच्या आठ तारा मी त्याच्या शेजारी उभी राहून पाहिल्या. शेवटची गाठ मारून त्याने टेकू जोडीजोडीने सैल केले, समोरासमोरचे दोन बरोबर. रॅकेट उचलली, उजेडात धरली. डोकं गोल होतं. त्याने ती गल्ल्यावर ठेवली आणि दोन्ही हात काखेत दाबून क्षणभर वाकून उभा राहिला.

"बकुळ येईल. दे तिला," म्हणाला आणि चपला शोधू लागला.

मला राहवलं नाही. "माकडाला घाबरतोस. आज एवढं कुठून आलं?"

"आलं कुठे? डर तर होताच," तो म्हणाला. "फ्रेमचा होता आणि तुझा होता. तुझ्याहून मोठा डर मला आजपर्यंत कशाचा वाटला नव्हता, ताई. आज पहिल्यांदा वाटला, म्हणून बसू शकलो."

टोमणा नव्हता त्यात. वेळ विचारल्यावर वेळ सांगावी तसं सांगून तो पळतच घाटाकडे गेला. पोचला वेळेवर, मणिकर्णिकेवर त्या दिवशी रांग होती.

पाऊण तासाने बकुळ आली. रॅकेट तळहातावर दोनदा आपटून तिने आवाज ऐकला, हसली आणि गेली. मी कुलूप लावून घरी आले, पुन्हा स्नान केलं आणि त्याची वाट बघत बसले. संध्याकाळी दाराची कडी वाजली. एरवी मी आतूनच ओरडले असते, पाय धुऊन ये म्हणून. त्या दिवशी मी उंबऱ्यापर्यंत गेले, आणि त्याच्याशी कसं बोलायचं असतं ते मला आठवेना.