गायब झालेला हेड कोच

रविवारी सकाळी चेन्नईतल्या गिंडीच्या ऑफिसात फोन वाजला. अमेरिकेतून लिंडा बोलत होती. ज्या क्रीडा वेबसाइटचं काम आमची कंपनी करायची, तिची ती संपादक. तिकडे शनिवारची रात्र होती आणि ती थेट स्टेडियममधून बोलत होती.

"आमचा म्हातारा कोच तुमच्या यादीत कुठे आहे?" तिने विचारलं.

मी पान उघडलं. कोच नव्हताच.

मी कोल्हापूरचा. फुटबॉल पायाने खेळतात, एवढंच मला ठाऊक. अमेरिकन फुटबॉल बराचसा हाताने खेळतात, हे चेन्नईला नोकरीला आल्यावर कळलं. तिथे कॉलेजांच्या मॅचनाही स्टेडियम भरतं आणि टीमचा सर्वेसर्वा असतो तो हेड कोच. कुठला कोच किती वर्षं टिकला, किती मॅच जिंकला, यावर लोक हिरिरीने वाद घालतात. ते मोजणारा प्रोग्राम आमचा होता.

आज हा कोच जिंकला, तर सर्वाधिक विजयांचा विक्रम त्याच्या नावावर लागणार होता. मॅच संपली की सगळे आमचं पान उघडणार, आणि त्यावर तोच नाही!

शेजारी सावित्री राव बसली होती. आमची टेस्टर, म्हणजे प्रोग्राममधल्या चुका हुडकणारी. तंजावरच्या मराठी घरातली. कारण तिला लगेच सापडलं. कारकीर्द ठरावीक वर्षांपेक्षा लांब दिसली की ते नाव बाजूला काढायचं, असा प्रोग्रामला नियम होता. ही नव्या सीझनची पहिली मॅच. ती सुरू होताच कोचचं एक वर्ष वाढलं आणि त्याने मर्यादा ओलांडली.

मॅनेजर मुरलींना अड्यारला घरी फोन लावला. ते म्हणाले, नियम काढून टाका, मी निघालोच. सावित्रीने नकारार्थी मान हलवली. अमेरिकेत बाप आणि मुलगा दोघंही कोच, नावही एकच, असं बऱ्याचदा असतं. जुन्या नोंदींत अशा जोड्या मिसळून एकेक माणूस झाला होता. नियम काढला असता, तर ही मंडळी विक्रम मोडून वर जाऊन बसली असती.

"मग हाही बापलेकच नसेल कशावरून?" मी विचारलं.

"अस्कि वर्षं एकाचीच दिसतात," ती म्हणाली. अस्कि म्हणजे सगळी, हे मला एव्हाना समजायला लागलं होतं. "तरी विचारून घ्या."

मी लिंडाला विचारलं, हा एकच माणूस आहे ना? पलीकडच्या गलक्यातून ती ओरडून म्हणाली,

"तो माझ्या वडिलांवर ओरडायचा, मग माझ्या भावावर. आत्ता माझ्या मुलावर ओरडतोय. माझा मुलगा खेळतोय आज."

फक्त या कोचला नियमातून वगळणारा कोड मी लिहायला घेतला. सावित्री लगोलग तपासत होती. बाजूच्या स्क्रीनवर मॅचची एकेक ओळ उमटत होती. कोचची टीम एका गुणाने मागे होती. वेळ संपत आली होती. शेवटची किक उरली. दोन खांबांमधून चेंडू गेला तर जिंकले.

आम्ही पान चढवलं आणि पुढच्या ओळीची वाट बघत बसलो.

ओळ उमटली: किक गुड.

पान रिफ्रेश केलं. कोच पहिल्या नंबरवर! सावित्री उभी राहून टाळ्या पिटत होती. त्या किकचे गुण किती, हे तिला अजून माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. धापा टाकत आत आलेल्या मुरलींना काय झालं हे सांगायचंही आम्हाला सुचेना. लिंडाने मोबाइल गर्दीकडे धरला होता. स्पीकरवरच्या त्या आरोळ्यांत आम्हीही आमच्या मिसळल्या.

सोमवारी आम्ही नियम बदलला. आता वर्षांऐवजी जन्मतारीख ताडून पाहायची. जुनी मर्यादा कशी ठरली होती, हे मी मुरलींना विचारलं. इकडे अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतात, तोवर नोकरीची जितकी वर्षं होतात तितकी धरून त्यांनीच ती काढली होती.

कोचला पत्रकारांनी निवृत्तीबद्दल विचारलं, तेव्हा तो पुढच्या शनिवारच्या मॅचबद्दल बोलत राहिला, असं लिंडाने कळवलं. तेव्हापासून आम्ही आपल्याकडचे पेन्शनचे नियम दुसऱ्यांच्या प्रोग्राममध्ये घालत नाही.