तिसऱ्या बटणाखालची अक्षरं

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे नवरे. रेडिओ दुरुस्त करायचे, आणि उरलेल्या वेळात घरी डबे बनवायचे: बाहेर पत्रा, आत तारा, वर बटणं. बोलायला एक नंबरचे कंजूष. पण ताई विसरायला लागली आणि हा माणूस झपाटल्यासारखा कामाला लागला.

तिच्या पलंगाजवळ त्यांनी तीन बटणांचा डबा बसवला. दिवा, पंखा, आणि तिसऱ्याखाली 'मला बोलव'. ते दाबलं की मागच्या खोलीत, त्यांच्या टेबलावर घंटी वाजायची. हाक मारायची तर नाव आठवायला हवं ना!

आमची ताई बटण दाबण्याआधी अक्षरांवरून बोट फिरवायची, एकेक वाचत. आठवड्यात शाई गेली. भाऊजींनी पुन्हा लिहून वरून चिकटपट्टी लावली. ती पिवळी पडून कडेने सुटली, अक्षरंही गेली. नुसतं कोरं बटण बघून ताई भेदरायची. एकदा दोन तास ओल्या अंथरुणात तशीच बसून राहिली. भाऊजी मागच्या खोलीतच होते, घंटीची वाट बघत. त्या दिवशी ते ढसाढसा रडले.

मग म्हणाले, "पारदर्शक कागदावर अक्षरं उलटी छापायची आणि शाईची बाजू पत्र्याला चिकटवायची. बोट वरून फिरेल, शाई आत राहील."

पहिल्यांदा घाईत सुलटीच छापली, आणि चिकटवल्यावर सगळं उलटं! "वा, काय दिवे लावलेत भाऊजी!" मी म्हणाले. ताई खुदकन हसली. त्यानंतर ती हसलेली मला आठवत नाही. दुसरी पट्टी मात्र झकास जमली. साबणाने घासली, नखाने ओरबाडली, ढिम्म हलली नाही.

चार महिन्यांनी भाऊजी त्या टेबलाशीच, बसल्या बसल्या गेले.

ताईला सांगितलं. दहादा सांगितलं. दर वेळी ती नव्याने रडते, आणि तासाभराने बोट फिरवत वाचते, "म...ला... बो...ल...व." दाबते. मागच्या रिकाम्या खोलीत घंटी वाजते.

मला सहन होईना. तारांतलं काही कळत नाही, म्हणून काल सुरी घेऊन ती पट्टीच खरवडायला बसले. मेली निघेल तर शपथ! भाऊजींचा असा संताप आला, इतकं पक्कं कशाला करून ठेवायचं? सुरी टाकली आणि तिथेच रडत बसले.

ताईने अक्षरांवरून बोट फिरवलं, बटण दाबलं. घंटी वाजली तशी तिने हाताने केस सारखे केले आणि दाराकडे बघत बसली.