सासूबाई गोऱ्या झाल्या त्याची गोष्ट

आता माझा वेंधळेपणा ऐकाच, पण हसायचं ते चहा संपल्यावर!

आमच्या भिलाईतल्या रिसालीच्या घरी महालक्ष्म्या बसतात. हे व्रत सासूबाईंनी सुरू केलं, तेव्हा आम्ही इथल्याच स्टील प्लँटच्या क्वार्टरमध्ये होतो. सासूबाई काळ्यासावळ्या, ठेंगण्या, अंगावर सुती लुगडं. आणि त्यांच्या हातची आंबील? अजून जिभेवर आहे! यंदा आमंत्रणावर त्यांचं पूजा करतानाचं चित्र हवं, असं मनानं घेतलं. तसा फोटो कुठला असायला? तेव्हा कॅमेरा कोणाकडे होता?

मुलानं मोबाइलमध्ये चित्रं काढणारं एआय टाकून दिलं होतं. देवाचं नाव घेतलं न् बोलले, "मराठी सासूबाई महालक्ष्मीची पूजा करून राहिल्या."

आली बाई! दुधासारखी गोरी, पंचविशीची, अंगावर पैठणी, हातात आरतीचं ताट, ही एवढी नथ, मागे राजवाडा. म्हटलं, "छत्तीसगडचं घर दाखव." तर थेट जंगलात झोपडी! आमच्या भिलाईत? "बरं, बाईला सावळी कर." केली, पण पैठणी फाटली न् आरतीचं ताट जाऊन हातात झाडू आला! रंगाबरोबर पूजेचा मानही गेला?

शेवटी थकून पहिलीच बाई घरच्या ग्रुपवर पाठवली. वर लिहिलं, "ओळखा पाहू कोण!"

"अभिनंदन वहिनी! सून छान आहे!" "मुलगी नागपूरची का?" तेवढ्यात पुण्याहून मुलाचा फोन, "आई, मेरी शादी तय हो गई और मुझे ही नहीं पता?"

संध्याकाळी मोहन नगरहून नणंद कुसुमताई हजर. चपला काढायच्या आधीच सुरू, "वहिनी, हे माही माय आहे का? अशी माय लावशील, तर मी जेवायले येत नाही!"

सासूबाईंची लेक रुसली, तर महालक्ष्म्या तरी जेवतील का?

"अहो ताई, मी काय करू? या मशीनले गोऱ्याच बायका आवडतात!"

ताईंनी भिंतीवरच्या, हार घातलेल्या सासूबाईंकडे बोट केलं. "अन् हे? स्टुडिओवाल्याले 'जरा गोरं करून द्या' कोण म्हणलं होतं?"

कोण म्हणणार? मीच! आणि रोज त्याच फोटोला हात जोडते.

ताईंनी पर्समधून छोटासा ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढला. जशाच्या तशा सासूबाई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू! दोघींचेही डोळे भरले. तोच आमंत्रणावर टाकला. ताई जेवायला आल्या, आंबील दोनदा मागून घेतली.

आणि ते आमंत्रण ग्रुपवर टाकलं, तेव्हा पहिला प्रश्न कोणाचा? जन्मापासून भिंतीवरची गोरी आजीच पाहिलेल्या माझ्या लेकाचा.

"आई, फोटो अच्छी है... पर ये हैं कौन?"